आत्याची जीभ आणि सतरा नंबरचा लॉट

बियाण्यांच्या त्या कंपनीत साठ माणसं कामाला होती आणि ती त्या साठांचीही आत्या होती. खरं तर ती आत्या फक्त एकीची, प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्या पोरीची. पण ती पोरगी नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी फाटकातून "आत्याऽ" अशी हाक मारत आत आली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोती उचलणाऱ्यांपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. मोठे साहेब तिच्याहून चार वर्षांनी मोठे, तेही आत्याच म्हणायचे. "साहेब, तुमच्या वडिलांना मी भाऊ मानीन हो, पण आधी त्यांना एकदा विचारून घ्या," असं ती एकदा म्हणाली होती. साहेब हसले आणि पुन्हा आत्याच म्हणाले.

तिचं काम सांगितलं की लोकांना ती थट्टा करतेय असं वाटायचं. ती भोपळ्याची पानं चावायची. त्याचा महिन्याला पगार मिळायचा.

भोपळ्याच्या घराण्यात मुळातच एक कडू विष आहे. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचंच बी ठेवून ते घालवलं. पण ते लांब कुठे गेलेलं नाही, कुंपणावरच्या रानवेलीत दबा धरून बसलंय. एखादी मधमाशी आधी रानवेलीवर बसली आणि मग शेतातल्या फुलावर, की संपलं. त्या वर्षी फळात काही कळत नाही. त्या फळाचं बी पुढच्या वर्षी पेरलं की वेल तसाच, फूल तसंच, भोपळाही तसाच गोरागोमटा, आणि आत मात्र विष. शिजवूनही ते जात नाही. म्हणून कंपनीच्या शेतात मादी फुलांना उमलायच्या आधी कागदी पिशव्या घालत, कुंपणाच्या रानवेली मुळासकट उपटत. एवढं करूनही बियाण्याच्या प्रत्येक लॉटमधलं चारशे बी ट्रेमध्ये पेरत. आठव्या दिवशी पहिली दोन जाड पानं उघडली की आत्या हजर.

पानाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा नखाने खुडायचा, जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, दाताने चेचून मागे न्यायचा, तीन मोजायचे, पत्र्याच्या मगात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची. दर दहा रोपांनंतर पावाचा कोरडा तुकडा. रोप कडू निघालं तर त्याच्याशेजारी लाल टोकाची काडी रोवायची. एक जरी लाल काडी रोवली गेली तरी सगळा लॉट भट्टीत. सव्वीस वर्षांत आत्याने एकवीस लॉट भट्टीत घातले होते, आणि त्यातल्या एकाचंही तिला वाईट वाटलं नव्हतं.

वाईट न वाटायला कारण होतं. त्या कारणाच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे चष्मेवाल्या पोरीचा बाप, पेशाने न्हावी. एकतीस वर्षांपूर्वी आत्याचं नवं लग्न झालेलं असताना तो पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला आला. तिने हौसेने भोपळा शिजवला. भोपळा कडूजहर झाला होता. तिने स्वतः अजून घास घेतला नव्हता, ती वाढत होती. भावाने पहिला घास घेतला, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान झालंय गं ताई." एवढ्यावर तो थांबला नाही, वाडगा दुसऱ्यांदा पुढे केला. तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, आठ दिवस तो इस्पितळात होता, आणि तीन आठवड्यांनी त्याचे कुरळे केस उशीवर पुंजक्यांनी उतरले. ते परत आलेच नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी आरशात न्हाव्याच्या टकलाकडे बघायचं. "घाबरू नका," तो म्हणायचा, "हे मी कापलेलं नाही."

त्या दिवसापासून आत्याच्या घरात एक कायदा झाला. जेवणाला खोटं छान म्हणायचं नाही. जे असेल ते तोंडावर सांगायचं आणि मगच वाडगा पुढे करायचा.

हा कायदा आत्याच्या नवऱ्याला सगळ्यात जड गेला. तो बसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर बायको कामावर जाते म्हणून त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि गेली तीन वर्षं रोज दोन वेळा त्याची परीक्षा होत होती. जिभेसाठी म्हणून आत्या तिखट खायची नाही, कांदा-लसूण नाही, कॉफी नाही. तिच्या अशा बेचव जेवणातही तिला चुका सापडायच्या. "मीठ जास्त झालंय." "मीठ कमी आहे." "मीठ बरोबर आहे, पण उशिरा घातलंय." या शेवटच्या वाक्यावर त्याने हात टेकले होते. त्याला स्वतःला रक्तदाबामुळे मीठ बंद, त्यामुळे तो आपला वाटा आधी काढून ठेवायचा आणि उरलेल्यात अंदाजाने मीठ टाकायचा. आंधळा कारभार होता सगळा.

आणि मग प्रयोगशाळेत यंत्र आलं.

ते आणलं भाचीने. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्यात कागदाच्या पट्ट्या बसायच्या. पानं वाटून त्याचं पाणी पट्टीवर टाकायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर रोपं चांगली, दोन उमटल्या तर त्यात विष आहे. भाचीने सहा महिने साहेबांच्या मागे लागून ते सहा महिन्यांच्या बोलीवर मागवलं होतं. यंत्र कामाचं ठरलं तर ते कायम, आणि भाचीची नोकरीही कायम. नाहीतर दोघांची परत पाठवणी.

आत्याचं आणि यंत्राचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "चारशे रोपांना माझा एक दिवस जातो," ती म्हणायची, "पण मी प्रत्येकाची विचारपूस करते. हे तुझं डबडं सगळ्यांना एकाच पाट्यावर वाटतं." भाची रागवायची नाही. ती आत्याच्या हाताखाली वाढलेली होती, टोमणे तिला पाठ होते.

त्या हंगामात आत्या तापाने पाच दिवस अंथरुणाला खिळली. सहाव्या दिवशी, सोमवारी, ती ठणठणीत होऊन कामावर आली. मंगळवारी तिने सतरा नंबरचा लॉट चाखला. हे बी चाळीस शाळांच्या बागांसाठी होतं. पोरं स्वतः पेरणार, स्वतः पाणी घालणार आणि पिकलेला भोपळा शाळेच्याच स्वयंपाकघरात शिजणार. आत्याने चारशेच्या चारशे पानं चावली. एकही लाल काडी लागली नाही. तिने वहीत सही केली.

बुधवारी भाचीच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. रेघ म्हणजे काय, नुसती सावली. चष्मा काढला की दिसायची नाही, आणि घातला तरी खात्री वाटायची नाही.

साहेबांनी पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली. "आत्यांनी चाखलंय ना?"

"हो, पण..."

"मग झालं. सोमवारी सकाळी आठला गाडी निघेल." आणि जाता जाता म्हणाले, "यंत्राचा अहवाल लिहून ठेव. तुझ्यावर राग नाही, पण जे दिसलं ते लिही."

इकडे आत्याच्या घरी त्याच आठवड्यात एक चमत्कार चालला होता. सोमवारी नवऱ्याच्या हातून बटाट्याच्या सुपात मिठाचा चमचा चुकून दोनदा पडला. तो जीव मुठीत धरून बसला. आत्याने वाडगा संपवला, काही बोलली नाही. त्याचा विश्वास बसेना. मंगळवारी त्याने मुद्दाम तेवढंच मीठ घातलं. पुन्हा शांतता. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: एवढी वर्षं आपण मिठात कंजुषी करत होतो! बुधवारी त्याने आणखी थोडं वाढवलं, गुरुवारी आणखी. आत्या निमूट जेवायची आणि तांब्याभर पाणी प्यायची. शुक्रवारी तो शेजारच्या शिंपीणबाईंना सांगून आला की स्वयंपाक ही साधनेची गोष्ट आहे, एका दिवसात येत नाही. शनिवारी तर त्याने मेव्हण्यालाच फोन केला. "उद्या दुपारी पोरीला घेऊन जेवायला ये. आता तुझ्या बहिणीला नाव ठेवायला जागा राहिलेली नाही."

रविवारी चौघं जेवायला बसले. बटाट्याचं सूप वाफाळत होतं. भाचीच्या पिशवीत अहवाल होता, दोन पानांचा, आणि शेवटची ओळ होती की यंत्र विश्वासार्ह नाही. आत्याला ते ठाऊक होतं. तिला वाईट वाटत होतं आणि आतल्या आत थोडा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाची लाज वाटत होती.

"घ्या," नवरा म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

न्हावीभाऊंनी पहिला चमचा तोंडात घातला. त्यांचे डोळे मोठे झाले, गाल फुगले, आणि ते उठून सरळ मोरीकडे धावले. भाचीचा चमचा ओठाला लागला तिथेच थांबला.

"भावोजी!" मोरीतून आवाज आला. "समुद्र शिजवलात की काय!"

"काहीतरी बोलू नकोस," नवरा म्हणाला. "ही बघ, ती आठवडाभर हेच खातेय."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याचा वाडगा अर्धा झाला होता. ती शांतपणे पावाचा तुकडा बुडवत होती.

"काय झालं?" तिने विचारलं. "बरं आहे की. काही चव... काहीच..."

ती थांबली. तिने चमचाभर सूप घेतलं, तोंडात घोळवलं, तीन मोजले. मग उठून स्वयंपाकघरात गेली. लिंबू कापून चोखलं. नवऱ्याच्या डब्यातली कॉफीची भुकटी जिभेवर टाकली. सव्वीस वर्षं जिला हात लावला नव्हता ती हिरवी मिरची अर्धी चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण चव आली नाही.

भुकटीने काळे झालेले ओठ घेऊन ती दारात उभी राहिली.

"माझी जीभ गेलीय गं," ती भाचीला म्हणाली. "तापात गेली. मला कळलंच नाही. चांगल्या पानाला चवच नसते ना! काही न लागणं हेच तर मी शोधते. मंगळवारी चारशे वेळा काही लागलं नाही, आणि मी खुशाल सही केली." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझं डबडं खरं बोलतंय. अहवाल फाड."

"आत्या, माझ्या नोकरीसाठी असं म्हणत असशील तर..."

"मी? जेवणाच्या ताटावर खोटं बोलू? या माणसासमोर?" तिने भावाच्या टकलाकडे बोट दाखवलं.

नवरा खुर्चीत बसला होता. त्याचा भ्रमाचा भोपळा असा भर पंगतीत फुटला होता, पण त्याला त्याचं काही वाटेना. त्याने उठून आत्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि खिळ्यावरून मोटारीची किल्ली काढली. "चला. उद्या आठला गाडी निघते ना?"

वाटेत भाचीने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे आत्यांची जीभ बंद, आणि यंत्राची रेघ तुलाही दिसली-न दिसली. मी कुणाचं ऐकू? पेरणीचे दिवस चाललेत. लॉट जाळला तर चाळीस शाळांची जमीन वर्षभर रिकामी राहील, दुसरं बी नाही माझ्याकडे. मला एक कडू रोप दाखवा. एकच. मी स्वतः भट्टी पेटवतो."

रोपांच्या शेडमध्ये सतरा नंबरचे ट्रे अजून मांडलेले होते, प्रत्येक पानाची कड आत्याच्या नखाने खुडलेली. सकाळपर्यंत तिला त्या खुणांचा अभिमान वाटायचा.

"तू पट्टीवर किती पानांचं पाणी टाकलंस?" तिने विचारलं.

"चारशेच्या चारशे एकत्र वाटली."

"अगं, चमचाभर साखर हौदात टाकलीस तर पाणी गोड लागेल का? भांडी लहान कर."

भाचीने डबा उघडला. पट्ट्या मोजून वीस उरल्या होत्या. चारशे भागिले वीस. दोघी कामाला लागल्या. आत्या वीस-वीस रोपांची पानं खुडायची, भाची वाटायची, नवरा वाट्यांना नंबर टाकायचा. बसमार्गावर काढलेली तीस वर्षं त्याच्या कामी आली, एकही नंबर चुकला नाही. न्हावीभाऊ दारात उभे होते. भोपळ्याच्या रोपांच्या इतक्या जवळ ते एकतीस वर्षांत आले नव्हते.

वीस पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. पंधरा मिनिटं सगळे त्यांच्यावर वाकून उभे होते. एकोणीस पट्ट्यांवर एकेक रेघ आली. तेराव्या पट्टीवर दोन आल्या, आणि दुसरी इतकी ठसठशीत की चष्म्याची गरजच नव्हती.

"आली!" भाची ओरडली आणि आत्याच्या गळ्यात पडली. आत्याने त्या डबड्यावरून हात फिरवला, शाळेत पहिल्या आलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग भाचीचा चेहरा पडला. "पण या विसातलं कुठलं? पट्ट्या संपल्या. साहेबांना रोप दाखवायचंय."

"चाखायला हवं," आत्या म्हणाली, आणि मग तिला स्वतःची जीभ आठवली. भाचीने हात पुढे केला. "तू नको," आत्या म्हणाली. "तू कडू चाखलेलंच नाहीस कधी. तुला पानाचा तुरटपणाही कडू वाटेल. ही चव ओळखीची असावी लागते."

दारातून खाकरण्याचा आवाज आला.

"माझ्या ओळखीची आहे," न्हावीभाऊ म्हणाले. त्यांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली. "आणि माझ्या डोक्यावरून आता जाण्यासारखं काही उरलेलं नाही."

"बाबा, नको!" भाची म्हणाली.

"गिळायचं नाही रे," आत्या घाईघाईने म्हणाली. "तिळाएवढा तुकडा. तीन मोज. लगेच थुंक. पत्र्याचा मग मी धरते." तिने खरंच मग धरला, दोन्ही हातांनी, लहानपणी त्याला ताप आला की धरायची तसा.

पहिलं रोप. एक, दोन, तीन. "काही नाही." चूळ. दुसरं. "काही नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता. पाचवं, सहावं. दहाव्यानंतर पावाचा तुकडा. अकराव्या रोपाचं पान त्यांनी जिभेवर ठेवलं, चेचलं, आणि तीन मोजायची वेळच आली नाही. त्यांनी मगात थुंकलं, पुन्हा थुंकलं, टेबल घट्ट धरलं. मग बहिणीकडे पाहिलं. तसंच पाहिलं, जसं एकतीस वर्षांपूर्वी पहिल्या घासाला पाहिलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "हे कडू आहे गं."

आत्याला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिने मग खाली ठेवला आणि त्यांचं गुळगुळीत डोकं दोन्ही हातांत धरून त्याचे मुके घेतले. "एवढंच म्हणायचं होतं रे मेल्या," ती म्हणाली. "तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं."

लाल काडी भाचीने रोवली. तासाभरात साहेब आले, त्यांनी अकरावं रोप पाहिलं, तेरावी पट्टी पाहिली आणि भट्टीकडे गेले. शेतातली वही उघडून शोधलं तेव्हा कळलं की उत्तरेच्या कुंपणाकडच्या ओळीत वाऱ्याने काही फुलांच्या पिशव्या उडाल्या होत्या. आता पिशव्यांना दोरा बांधायचं ठरलं. शाळांना साहेबांनी दुसऱ्या गावच्या ओळखीच्या कंपनीकडून बी मिळवून दिलं, आठ दिवस उशिरा का होईना, आणि तेही आधी वीस-वीसच्या वाट्या मांडून तपासूनच.

यंत्र राहिलं आणि भाचीही राहिली. नवा नियम झाला: आधी वीस वाट्या, मग जीभ. आणि जिभेचीही रोज सकाळी परीक्षा. भाची तीन पेले मांडायची, दोनांत साधं पाणी, एकात औषधाच्या दुकानातल्या कडू अर्काचा एक थेंब. कडू पेला ओळखता आला तरच चाखायचं काम. डॉक्टर म्हणाले होते, तापानंतर होतं असं, येईल परत. पण आत्या रोज नापास व्हायची. तोवर बदली कामगार म्हणून न्हावीभाऊ सकाळी दोन तास यायचे. ते पेला पहिल्या फटक्यात ओळखायचे आणि वर विचारायचे, "दाढी करू का कुणाची?" आठवडाभरात ते साठ जणांचे काका झाले.

एकोणिसाव्या दिवशी आत्याने तिसरा पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"शी!" ती म्हणाली.

भाचीने टाळी वाजवली. पोती उचलणारे धावत आले, हिशेबनीस आला. आत्या मात्र थांबली नाही. चप्पल पायात सरकवून तडक घरी निघाली.

नवरा चुलीशी होता. त्या रविवारपासून तो मिठाच्या बरणीला भिऊन होता, आणि घरात कुणी चुका काढत नाही म्हणून त्याची भूकही गेली होती. आत्याने वाडगा घेतला, सूप ओतून घेतलं, उभ्याउभ्याच एक चमचा तोंडात घातला. तीन मोजले.

"अहो," ती म्हणाली, "अळणी आहे हे. मिळमिळीत. यात मीठ घातलंयत तरी का?"

नवऱ्याच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्याने खिडकी उघडली आणि शेजारी ओरडून सांगितलं, "शिंपीणबाई! ऐकलंत का? नाव ठेवलं हो तिने! अळणी म्हणाली!"

आत्याने उरलेलं सूप शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. "अगदीच अळणी," ती पुन्हा म्हणाली आणि वाडगा दुसऱ्यांदा पुढे केला.